मोटार करिष्माच्या नावे

मी, वत्सलाबाई बंकटराव नाईकवाडे, वय ६९, धंदा शेती, राहणार वडवणी, जि. बीड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, नजर शाबूत आहे, मला कोणी पढवलेले नाही की धमकावलेले नाही. राग मात्र आहे. तो वगळून लिहा, असे वकील म्हणाले. मी नाही म्हणाले.

१. माहेरकडून मिळालेले, माझ्या नावावरचे शेत नात संस्कृती हिला मिळावे. ती सज्ञान होईपर्यंत कारभार सून करिष्मा हिने पाहावा. मुलगा अजिनाथ याने त्यात लुडबुड करू नये.

२. राहते घर अजिनाथ व करिष्मा या दोघांचे. एकट्याच्या सहीने ते विकता येणार नाही.

३. दीर आप्पाराव यांना काहीही देऊ नये, आणि माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. कारण असे. माझे पती गावचे पुढारी होते. एकदा ते मोटार चालवत बीडला जाताना मी त्यांच्या शेजारी बसले होते. ब्रेकचे पायडल खोल जात होते, ते पुन्हा पुन्हा दाबत होते. माझ्या वडिलांची जीप होती, त्यामुळे मला एवढे कळत होते. बॉनेट उघडून ब्रेक ऑइल खालच्या रेघेच्या वर आहे का बघा, असे मी म्हटले. त्याच्या बाटलीतली पातळी बाहेरूनच दिसते, झाकणही काढावे लागत नाही. त्यांनी बीडला पोचल्यावर कार्यकर्त्यांना सांगितले, "आमच्या मंडळी आता मेस्तरी झाल्यात." सगळे हसले, आप्पाराव सर्वांत जास्त. त्याच आठवड्यात नेकनूरहून येताना पालीच्या उतारावर ब्रेक लागला नाही. मोटार उसाच्या ट्रॉलीखाली गेली. त्यांच्या दहाव्याला आप्पाराव भावकीत म्हणाले, "बाईनं अपशकुनी तोंड उघडलं, म्हून झालं." त्यांनी हे माझ्या देखत म्हटले, आणि एकानेही त्यांना गप्प केले नाही.

वर्ष सरल्यावर मी बीडला जाऊन मोटार चालवायला शिकले, स्वतःची जुनी मोटार घेतली आणि तिची देखभाल स्वतः केली. लोकांनी बंपरला लिंबू-मिरची बांधली. मी ती तोडून टाकली.

४. बँकेतली ठेव संस्कृतीच्या पायासाठी खर्च व्हावी. हा पाय तिच्या बापामुळे मोडला. अजिनाथ आपली गाडी रोज फेस लावून धुतो, काचेवर नाव मिरवतो, पण त्याने बॉनेट आजवर उघडलेले नाही. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या पुढच्या टायरची नक्षी पार गेली होती, कडेने तारा दिसत होत्या. बोट लावून दाखवले. "आई, कावून एवढं टेन्शन घेतीस?" म्हणाला आणि लेकीला घेऊन लग्नाला निघाला. रस्त्यात टायर फुटला, गाडी पलटली. पोरीच्या मांडीत सळई आहे. ती अजून लंगडते. हा मात्र बाप मेला त्याच जिल्ह्यात उभा राहून लोकांना सांगतो, रस्ता खराब होता.

५. माझी मोटार, जॅक, पाने आणि हवा मोजायचे मीटर करिष्माला. दवाखान्यात पोरीच्या उशाशी बसून ती एवढेच म्हणाली, "आत्या, मला बॉनेट उघडायला शिकवा." त्या दिवसापासून ती माझी लेक आहे.

करिष्मा, ऑइल बघताना मोटार सपाटीवर आणि इंजिन गार पाहिजे. ऑइल मोजायची पट्टी काढून पुस, परत घाल, मग बघ. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नकोस, तोंड भाजेल. बॅटरीवर पांढरी बुरशी आली तर आधी मायनसची वायर सोड. हवा सकाळी, टायर गार असताना भर, स्टेपनीतही. आणि ब्रेक ऑइल कमी दिसले तर नुसते भरून निघू नकोस. ते कुठे गेले याचा शोध लागेपर्यंत मोटार जागची हलवू नकोस. कोणी हसले तर हसू दे.

६. माझे प्रेत अजिनाथच्या गाडीतून नेऊ नये. खांद्यावर न्यावे, नाहीतर बैलगाडीतून.

काल अजिनाथने हा कागद वाचला. उंबऱ्यात बसला. मग म्हणाला, "एका टायरपायी मला परका केलंस. अर्ध्या घराबिगर माझ्यासाठी काय ठिवलंस, आई?"

मी म्हणाले, "तुझी पोरगी जिती हाय. माझा माणूस न्हाई."

त्याने कागद परत माझ्या हातात दिला. मी वरचा एक शब्द बदललेला नाही.

हे माझे शेवटचे मृत्युपत्र. याआधी लिहिले नाही, यापुढे लिहिणार नाही. वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: वत्सलाबाई बंकटराव नाईकवाडे

साक्षीदार, आमच्या देखत सही झाली:
१. सटवा लिंबाजी घुगे, रा. वडवणी (सही)
२. छबुबाई ज्ञानोबा तांबडे, रा. वडवणी (सही)

ठिकाण: वडवणी
दिनांक: १४ जुलै २०२५