माझ्या पुस्तकाचे कुलूप आणि ताईची प्रत

प्रिय ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींना नवा चष्मा सापडला, की अजून जुना चष्मा लावून नवा शोधत आहेत? इकडे सगळे ठीक. माझी मात्र परवा भर सभेत शोभा झाली. ती माझ्याच तोंडून ऐक, म्हणजे दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगायला नको.

वाचनालयाच्या सभागृहात वाद ठेवला होता: डिजिटल पुस्तकांना कुलूप हवे की नको? मी अर्थातच कुलपाच्या बाजूने. लेखकाने वर्षानुवर्षे रक्त आटवायचे आणि लोकांनी त्याची मेहनत एका बोटाने फुकट उतरवून घ्यायची? ही चोरी आहे, ताई, आणि हे मी आजही टेबल आपटून सांगेन! (परवा आपटले तेव्हा पाण्याचा पेला अध्यक्षांच्या मांडीत गेला. ते चालायचेच.) माझ्या पुस्तकाला प्रकाशकाने कुलूप घातले तेही माझ्याच हट्टाने. एवढेच नव्हे, तर तत्त्व म्हणून ते मी स्वतःही विकत घेतले.

टाळ्यांच्या कडकडाटात मी म्हणालो, आता माझ्याच पुस्तकातला उतारा ऐका, आणि फोन काढला. पुस्तक उघडेना! फोन नवा होता ना. कुलपाचे म्हणणे, जुन्या फोनवरून परवानगी द्या. जुना धुण्याच्या बादलीत बुडाला म्हणूनच तर नवा घेतला. मग म्हणे, पुस्तक तुमचेच असेल तर तिसऱ्या प्रकरणाचा शेवटचा शब्द लिहा. अरे, तो शब्द पाहायला आधी पुस्तक उघडायला नको? (लेखकाला आठवायला हवा होता, हे कबूल. अंदाजाने लिहून पाहिले, तर कुलपाने मलाच चोर ठरवून दार लावले.) म्हणजे अडवले कुणाला, तर ज्याने लिहिले आणि वर पैसेही मोजले त्याला!

तेवढ्यात विरुद्ध बाजूच्या वकीलबाई उठल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "सर, माझ्याकडे आहे की. घ्या, वाचा." त्यांच्या फोनवर माझे पुस्तक, बिनकुलपाचे! आता गप्प बसायचे, नाहीतर चोरीच्या प्रतीतून चोरीविरुद्धचा उतारा वाचायचा. मी आणि गप्प? वाचला. आणि ताई, अर्धे सभागृह माझ्याबरोबर म्हणू लागले! प्रकाशक रडतो की पुस्तक खपत नाही, आणि इथे मागच्या रांगेतल्या शिंप्याला माझी वाक्ये पाठ. माझा संताप होत होता, तरी मी आणखी एक पान वाचून दाखवले. मूळ चोर कोण ते पाहावे म्हणून पहिले पान उघडले. तिथे लिहिले होते, "ताई, फक्त तुझ्यासाठी. कुणाला देऊ नकोस." प्रकाशनाआधी तुला वाचायला पाठवलेली तीच फाइल!

तू ती किती जणांना दिलीस, हे मी विचारणार नाही. विचारले तर तू आठवून आठवून सांगत बसशील, आणि मला ते ऐकवणार नाही.

तुझा संतप्त,
धाकटा

ता. क. : त्या प्रतीत माझी लांबलचक प्रस्तावना नाही, आणि दुसऱ्या प्रकरणातला ऊर बडवण्याचा भागही गायब आहे. ही कात्री तुझीच. पुस्तक सुधारले आहे. ती प्रत मला पाठव. माझी अजून उघडत नाही.

आणखी एक : सोबत नव्या पुस्तकाची फाइल जोडली आहे. फक्त तुझ्यासाठी. कुणाला देऊ नकोस. (मागच्यासारखीच.)