पालथ्या टोपल्या

ता. २४ ऑगस्ट १८९६, सोमवार

नारळी पुनव उरकली. घरात अजून नारळीभाताचा वास. दर्या मात्र निवळायचं नाव घेत नाही. वरळीच्या सगळ्या होड्या वर ओढलेल्याच. भोईवाड्याच्या शाळेत निम्मी पोरं गैरहजर. उरलेल्यांना नकाशा शिकवला. कोणाचं लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं.

हिराजी, माझा धाकटा भाऊ, मांडवी बंदराहून हसतच आला. तिथे मचव्यावर आहे, होडीतून धान्याची ने-आण. म्हणाला, वखारीत उंदीर भर दिवसा बाहेर येतात, ताडी प्यायल्यासारखे गोल गोल फिरतात आणि पडतात. नक्कल करून दाखवली. त्याची बायको चंद्री तोंडाला पदर लावून हसली, मीही हसलो. आय म्हणाली, "जेवताना नको रं बोलू असलं."

ता. २६, बुधवार

आयने विचारलं, "दशमी कवा?" पंचांग बघणं माझ्याकडे. श्रावण वद्य दशमी पुढच्या बुधवारी, २ सप्टेंबरला. बाबांचा दिवस.

म्हटलं, आये, खरी तारीख २८ ऑगस्ट, ती परवाच आली. तर म्हणाली, "इंग्रजाची तारीख इंग्रजाला. दर्या तिथीवर चालतो." भरती-ओहोटी मीच पोरांना शिकवतो, त्यामुळे पुढे बोलायची सोय राहिली नाही. तरी मनातून २८ च धरून आहे. मास्तरकी अंगात मुरली की अशीच खोड लागते.

ता. २८, शुक्रवार

तेरा वर्षं झाली. दर वर्षी ठरवतो, आज लिहायचं नाही, आणि लिहितो.

मंगळवारची सकाळ होती. पाणी मागे जाऊ लागलं, वेळ नसताना. ओहोटीला जातं त्याच्या कितीतरी पुढे. जन्मात न पाहिलेले खडक उघडे पडले, खळग्यांत मासे तडफडत होते. सगळा कोळीवाडा ओरडत धावला. बाबा जाळं सांधत बसले होते, उठेनात. आयने टोपली त्यांच्या हातात कोंबली. "बघताव काय? देवानं ओतलंय." माझ्या पायात शिंपलं घुसलं होतं म्हणून मी काठावर.

परत आलं ते पाणी लाट म्हणावी असं नव्हतंच. नुसतं भरत आलं. पण ओढ अशी की उभा माणूस बसला. बाकीचे भिजून, हसत, शिव्या देत वर आले. बाबा आले नाहीत. टोपली तेवढी किनाऱ्याला लागली.

पुढे वर्तमानपत्रात आलं, जावा बेटाजवळ समुद्रात ज्वालामुखी फुटला, त्याचा धक्का इथवर पोचला. त्या हिवाळ्यात संध्याकाळचं आभाळ पेटल्यासारखं लाल व्हायचं. मी आयला ती बातमी वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "डोंगर तिकडं फुटला, आन मानूस माझा गेला?" मी वर्तमानपत्राची घडी केली.

तेव्हापासून तिचा नेम: दशमीला घरातल्या सगळ्या टोपल्या उंबऱ्याशी पालथ्या, कोणी बंदरावर जायचं नाही, आणि खाली पडलेलं काही उचलायचं नाही. एका दशमीला शाळेत माझ्या हातून खडू पडला. तीस पोरांसमोर मी त्या खडूकडे बघत उभा! शेवटी दुसरा घेतला.

ता. ३१, सोमवार

दहीकाला. शाळेला सुट्टी.

हिराजीची नवी बातमी. वखारीतले दोन हमाल तापाने गेले, बाकीचे गाव गाठायला पळाले. माल हलवायला माणूस नाही, शेठही घाबरून शहराबाहेर निघाला. मचव्यावाल्यांना म्हणाला, बुधवारी वखार उघडतो, न्याल तेवढा तांदूळ न्या, फुकट न्या. जुना, सुवासिक तांदूळ!

बुधवारी दशमी. आय म्हणाली, "नाय जायचा." हिराजी माझ्याकडे वळला. "दादूस, तू शिकलेला. तूच सांग बरा, दिस झाला का व्हायचाय?"

मी म्हणालो, तारखेने बघशील तर शुक्रवारीच झाला.

आय टोपलीची सुटलेली कड बांधत बसली. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

ता. २ सप्टेंबर, बुधवार, श्रा. व. १०

पहाटेच टोपल्या पालथ्या घातल्या तिने. हिराजी त्यांच्यावरून ढांग टाकून गेला.

दुपारी चार पोती. शेवटचं त्याने स्वतः पाठीवर आणलं, घामाने निथळत, राजासारखा. म्हणे फाटक्या पोत्यांतला तांदूळ जमिनीवर ढिगाने पडला होता, तोही हाताने भरला. मध्ये मेलेले उंदीर. शेपटीला धरून भिरकावले. चंद्रीने तांदूळ पाखडला, शिजवला. मी दोनदा वाढून घेतला. खोटं कशाला लिहू, फार चांगला होता.

आयने कालची भाकरी खाल्ली. पोत्यांकडे पाठ करून बसली होती.

ता. ४, शुक्रवार

फुकट तांदळाची बातमी कोळीवाडाभर झाली, वखार अजून उघडीच आहे म्हणे. आज बायका टोपल्या घेऊन मांडवीला निघाल्या, एकमेकींना हाका मारत, कोण पुढे कोण मागे. मासळी बाजाराला जातात तेव्हासुद्धा इतकी घाई नसते. आय दारात उभी राहून बघत होती. "अश्शेच धावलेले सगले," एवढंच म्हणाली. शाळेला उशीर होत होता, निघालो.

संध्याकाळी आमच्याच घरात, पोत्यांच्या मागे, उंदीर मेलेला. चंद्रीने केरसुणीने बाहेर लोटला. हिराजीने नक्कल केली नाही या वेळी.

ता. ५, शनिवार

हिराजी कामाला गेला नाही. अंग मोडून आलंय म्हणतो, डोळे तांबारलेले. पावसात भिजला असेल. काढा दिला.

मांडवीत ताप फार आहे असं शाळेत ऐकलं. कसला ताप, कोणी धड सांगत नाही. पोती बाहेर काढावीत का? हिराजीने जिवावर उदार होऊन आणलेली. आणि काढून ठेवणार कुठे, कोणाच्या दारात.

ता. ६, रविवार

ताप चढलेला. जांघेत गाठ आली आहे, आवळ्याएवढी, हात लावू देत नाही. तो म्हणतो पोती उचलून आली. मीही तेच म्हणालो. वैद्याने लेप दिला, पण गाठ बघितल्यावर तो घरात थांबला नाही. पथ्य अंगणातूनच सांगितलं. चंद्री मला सारखी विचारते, "भावजी, उतरेल ना?" उतरेल म्हणतो. मला भीती वाटते आहे. लिहून ठेवतो, कारण बोलून दाखवायला घरात कोणी नाही.

पाणी आणायला बाहेर आलो तर उंबऱ्याशी टोपल्या पालथ्या. आमच्या सगळ्या, शेजारणीच्याही दोन. आय त्यांच्याजवळ बसलेली.

म्हटलं, आये, दशमी होऊन गेली ना?

तिने वर पाहिलं नाही. "तवा तुजा बा टोपली भरून उभा व्हता, मना हसून दाखवीत व्हता," म्हणाली. "पानी अजून परत आलेला नाय रं."

हिराजी हाक मारतो आहे. उठतो.