पायपेटी बंद पडली त्याची खरी हकिगत

प्रिय पप्पा,

पोचल्याचं कळवायचं राहूनच गेलं, त्याला आज सहा दिवस झाले. रागावू नका. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा उठलो. एकदा खिडकीखालून एक माणूस सायकलवर अख्खं दार चौकटीसकट घेऊन चालला होता. तो कोपऱ्यावर वळणार कसा, ते बघायला खाली धावलो. वळला. आधी दार वळलं, मग तो. दुसऱ्यांदा का उठलो ते पुढे येईलच.

प्रवासाचं सांगतो. विमानतळापासून नऊ तास. आपल्या चर्चच्या मंडळीतले अकरा जण गाडीत आणि मी मागच्या ट्रकात पेटीपाशी. ‘तिला एकटी सोडू नकोस’ असं तुम्ही बजावलं होतं ना! तिला दोन गाद्यांमध्ये बांधलं होतं, मला कशातच बांधलं नव्हतं. एकेक खड्डा असा, की आतडी गळ्याशी यायची. पण खरं सांगू, त्या नऊ तासांत मी खूश होतो. चालत्या गाडीत मला कुणी ‘एका जागी बस’ म्हणत नाही.

आपली माणसं ठीक आहेत. शाळेच्या भिंती रंगवतात, फोटो काढतात, पुन्हा रंगवतात. खजिनदारबाई दर पाच मिनिटांनी हात धुवायच्या, आणि अख्ख्या गटात पोट बिघडलं ते फक्त त्यांचंच. इथले लोक आमच्यासाठी इतके राबतात की लाज वाटते. मला ज्या घरात उतरवलंय तिथल्या सुताराने स्वतःची खाट मला दिली आणि वर तिसऱ्या दिवशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, ‘खाट कुरकुरते का रे? तू फार कूस बदलतोस.’ मी म्हटलं, खाट चांगली आहे, मीच कुरकुरतो.

आता पेटी. मंगळवारी देवळात सगळ्यांसमोर उघडली. देऊळ म्हणजे एक लांब खोली, वर पत्रा, खाली बाकं. पाळकसाहेबांनी भाषण केलं, की आमच्या देवळात पन्नास वर्षं वाजलेली ही पायपेटी आमच्या कारागिराने दोन महिने खपून तुमच्यासाठी नवी केली, गुडघ्याच्या दुखण्यामुळे तो येऊ शकला नाही, म्हणून नाइलाजाने मुलगा आलाय. ‘नाइलाजाने’ हा शब्द त्यांनी निघतानाही वापरला होता. तेव्हा तुम्ही खाली बघितलं होतंत. मंगळवारी मी बघितलं.

पाळकीणबाई बसल्या, पाय मारले, आणि आतून दम्याच्या म्हाताऱ्यासारखा आवाज. भात्याच्या घडीवरचं चामडं वीतभर सुटलं होतं आणि मधले दोन सूर मुके. ट्रकानेच केलं ते, तुमच्या कामात काही खोट नव्हती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पप्पा, तुम्हाला माहीत आहे, मी आठवीनंतर कुठलीच गोष्ट शेवटाला नेलेली नाही. मोटारीचं गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, तुमचं दुकान तर तीनदा सोडलं. पण पळून जायला इथे रस्ताच ओळखीचा नव्हता. म्हणून बसलो.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. सुताराकडून सरस घेतला, तुमच्यासारखा मंद आचेवर वितळवला, जुना सरस खरवडून काढला. तुम्ही नेहमी ओरडायचात ना, की जुन्यावर नवा लावलास तर दोन्ही जातील? तेच कानात होतं. चामडं बसवलं, वर विटा ठेवल्या, रात्रभर हात लावला नाही. मी! मुक्या सुरांच्या पितळी जिभा बाहेर काढून पातळ पत्र्याने साफ केल्या. एका सुराखाली आपल्याच देवळातल्या मेणबत्तीचं मेण सापडलं. शुक्रवारी सकाळी एकट्याने पाय मारले आणि ती बोलली. अख्खी, खालपासून वरपर्यंत. मी इतका जोरात हसलो की बाहेरची कोंबडी उडाली. तुम्हाला तेव्हाच लिहायला बसलो होतो.

उठलो ते पाळकीणबाईंची तालीम ऐकू आली म्हणून. आता हे नीट ऐका. इथली मंडळी वाद्याशिवाय गाते. एक सुईण आहे, साठीची, आपल्याकडच्या मिशन दवाखान्यात सात वर्षं होती म्हणून आपली भाषा बोलते. ती पहिला सूर धरते आणि बाकीचे तिच्या मागोमाग आत शिरतात, जिन्याने उतरावं तसे, कुणी वर, कुणी खाली. मागच्या बाकावर पाच म्हातारे बसतात. त्यांना दम लागला की अख्खी मंडळी थांबते, त्यांचा श्वास भरेपर्यंत ओळ लांबवत ठेवते. मी बुधवारी हातातलं काम सोडून ऐकत बसलो होतो. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण मी अर्धा तास एका जागी बसलो, यावरून समजा.

शुक्रवारी पेटी सुरू झाली आणि पाळकीणबाई कुणासाठी थांबल्या नाहीत. पुस्तकात थांबा नव्हता. पेटीची पट्टीही मागच्या बाकाला उंच पडत होती. दुसऱ्या गाण्याला म्हातारे नुसते ओठ हलवत होते. चौथ्याला तेही बंद. सुईण गात होती, पण परक्याच्या घरी जेवावं तशी, जपून.

शनिवारी दुपारी ती मला देवळाच्या पायरीवर भेटली. म्हणाली, ‘बाळा, तुझ्या हाताला गुण आहे. आता एक काम कर, ही परत आजारी पाड.’ मला वाटलं थट्टा करतेय. ती म्हणाली, ‘तुम्ही जाल. पेटी राहील. तुमच्या बाईंनी दोन मुलींना वाजवायला शिकवायला घेतलंय. वर्षभरात ते पाच जण यायचे बंद होतील आणि मग आम्हीही पुस्तकातून गाऊ.’ मी म्हटलं, मग सरळ सांगा ना, नको म्हणून. त्यावर हसली. ‘वरचा पत्रा कुणी दिला? दवाखान्यातली औषधं कुणी दिली? देणाऱ्याला नाही म्हणायला आधी आपल्या घरी भरपूर असावं लागतं, बाळा.’

मी पाळकसाहेबांकडे गेलो, आडून आडून विचारलं. ते म्हणाले, ‘सवय होईल. आपल्यालाही झालीच की.’ वाईट माणूस नाही हो तो. रोज सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरतो. पण ऐकताना पुढचं वाक्य जुळवत असतो.

मग नुसता चालत सुटलो. न्हाव्याच्या दुकानात गरज नसताना केस कापले. टायरवाल्यापाशी पंक्चर कसं काढतात ते पाहिलं, जसं काही आयुष्यात बघितलंच नव्हतं. डोक्यात एकच चाललं होतं. पहिल्यांदा काही नीट जमलं, आणि तेच मोडायचं? आणि ते एकट्या माझं कामही नाही, खाली तुमचे दोन महिने आहेत. दोन वेळा ठरवलं की नाही म्हणायचं. तिसऱ्या वेळी देवळात होतो. ओलं फडकं गरम करून घडीवर ठेवलं. सरस सैल झाला आणि चामडं अलगद सुटून आलं, कुठे फाटलं नाही. सुरांना हात लावला नाही. तेवढं माझ्याच्याने झालं नसतं.

आज सकाळी उपासनेत पाळकीणबाईंनी पाय मारले आणि नुसती हवा. मुलं हसली. पाळकसाहेब म्हणाले, ‘बापाचा हात मुलाला येतोच असं नाही, देवाची इच्छा.’ मी मान खाली घातली. मग सुईणीने सूर धरला. पहिल्या ओळीला मागचं बाक आत शिरलं. पप्पा, मला तिथे तुम्ही हवे होतात.

आता ज्यासाठी लिहितोय ते. पोटामुळे खजिनदारबाई उद्या परत निघतात, हे पाकीट त्यांच्याच हाती बुधवारपर्यंत तुम्हाला मिळेल. गुरुवारी पाळकसाहेब तुम्हाला फोन लावणार आहेत. पेटीला काय झालंय ते सांगतील आणि विचारतील, पोराला फोनवर समजावून देता का, की दुसरा कारागीर पाठवू. ते आपोआप सुटलेलं नाही हे तुम्हाला आता माहीत आहे, आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे हेही. मला काहीही बोला, दुकानात घेऊ नका, मी ऐकून घेईन. पण त्यांना एवढंच सांगा, की आता तिचं काही होणार नाही. चाळीस वर्षांत कुठल्याही पेटीबद्दल हे वाक्य तुमच्या तोंडून निघालेलं नाही, गिऱ्हाईकाने टाकून दिलेल्या पेटीबद्दलही नाही. मला माहीत आहे मी काय मागतोय.

तुमचाच,
धाकटा