म्हैस, मावशी आणि मी

७ जानेवारी

पहिल्याच घरातून हाकललं. कोसाडच्या त्या बाईंना किती नीट समजावलं – औषधांना दाद न देणारे जंतू माणसाकडून जनावरात जातात की जनावराकडून माणसात, ते जंतूंच्या जीनवरून शोधायचंय, म्हणून घरातल्यांची शी आणि बकरीच्या लेंड्या हव्यात. बाई म्हणाल्या, "लेंड्या ने. बाकी आमची इज्जत आहे."

संध्याकाळी लॅबमध्ये मॅडमनी आम्हा गोळा करणाऱ्यांनाच एकेक डबी दिली. तुमचाही नमुना पाहिजे म्हणे. माझ्याबरोबर नमुने गोळा करणारी मयुरी दोन दिवस रजेवर गेली.

१५ जानेवारी

पलसाण्याला हायवेच्या मागे तबेला मिळाला. मालक भूपेंद्र, माझ्याच वयाचा, मूळ धुळ्याकडचा. घरात तो आणि त्याची आई, धुरपदाबाई. शेण हवंय म्हटल्यावर त्याने विचारलं, "किती ट्रॉली?" मी चमचा दाखवला. तो बराच वेळ चमच्याकडेच बघत राहिला.

नमुने मात्र सगळ्यांनी दिले. राणी म्हशीने तर लगेच.

धुरपदामावशी म्हणाल्या, "ये वो माय, बस. जेवी ले."

जेवले नाही. नियम आहे.

२ फेब्रुवारी

जेवले.

२० फेब्रुवारी

महिन्यातून एकदा जायचं असतं. या महिन्यातली आजची चौथी खेप. मॅडमना सांगितलं, म्हैस सहकार्य करत नाही.

मावशींचे गुडघे दुखत होते म्हणून भाकरी मीच थापल्या. आमच्या परभणीकडे अशा जाड करत नाहीत, पण त्यांना तशाच लागतात. उरलेली राणीला चारली. भूपेंद्र म्हणाला, "ती माझ्या हातचं खात नाही. तुमच्या हातचं खाते." दिवसभर तेच वाक्य डोक्यात. वाक्य म्हशीबद्दल होतं, हे माहीत आहे मला.

२८ फेब्रुवारी

महिन्याचे नमुने घेतले. मावशी, भूपेंद्र, राणी. लॅबमध्ये माझाही. जेवले.

१० मार्च

मावशी दवाखान्यात. थंडी वाजून ताप, लघवीत इन्फेक्शन. दोन अँटिबायोटिक झाली, ताप हलत नाही. भूपेंद्र बाकावर नुसता बसून होता. धीर द्यायला गेले आणि तोंडातून भलतंच निघालं – "तुम्ही मेडिकलमधून आणून म्हशींना मनाने इंजेक्शनं टोचता. असले जंतू त्यातूनच तयार होतात. आईंना तेच लागले."

तो मान वर न करता म्हणाला, "तुम्ही जा आता."

गेले. रिक्षात रडले.

१४ मार्च

दवाखान्याच्या रिपोर्टवरून औषध बदललं. ताप उतरला. हे मला नर्सकडून कळलं. त्याने फोन उचलला नाही.

२ एप्रिल

मीटिंग. मॅडमनी पडद्यावर जंतूंची वंशावळ लावली. म्हणाल्या, "पलसाण्याची म्हैस, तिथल्या मावशी आणि आपल्या टीममधली एक, तिघींत एकच जंतू. कौन है?"

मी हात वर केला.

"तिथे काही खाल्लंस?"

"एकदा."

"वर्षा."

"दर वेळी."

सगळे हसले. मग मॅडमनी तारखा दाखवल्या आणि माझं हसू गेलं. जानेवारीत तो जंतू मावशीत नव्हता, राणीत नव्हता. माझ्यात होता. फेब्रुवारीच्या शेवटी तिघींत. दवाखान्यात मावशींच्या लघवीत सापडला तोही हाच.

"पक्कं सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण बहुतेक तूच घेऊन गेलीस."

आणि मी भूपेंद्रला इंजेक्शनांवरून झापलं होतं.

३ एप्रिल

पलसाण्याला गेले. तो चारा टाकत होता. एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे आईला तुमच्यामुळे झालं?"

"बहुतेक."

"आणि राणीला?"

"तिच्यातही माझाच. पण तिला काही त्रास नाही."

त्याने हातातला चारा राणीपुढे टाकला. मी म्हटलं, "दवाखान्यात बोलले ते चुकलं माझं. पण मनाने इंजेक्शनं देणं तरीही चूकच." हे शेवटचं बोलायची काय गरज होती, देव जाणे.

खाटेवरून मावशी सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "मंग तू बी आजारी पडशी का वो?"

म्हटलं, नाही, माझ्यात तो नुसताच राहतो.

मावशींनी थोडा विचार केला. "साबण शे तठे. हात धुई ले, मंग भाकरी कर."

भूपेंद्रने बादलीत पाणी आणून ठेवलं आणि परत चाऱ्याकडे गेला. मी परत निघाले तेव्हाही तो तिकडेच होता.

९ एप्रिल

मॅडमनी पलसाण्याचा तबेला माझ्याकडून काढून मयुरीला दिला. भूपेंद्र सकाळी स्वतः लॅबवर येऊन सांगून गेला म्हणे, वर्षाला पाठवू नका.

मी म्हटलं, बरोबर आहे त्याचं.

मॅडम म्हणाल्या, "पूर्ण ऐक तरी. त्याला तुला लग्नाचं विचारायचंय. म्हणाला, शी मागायला आलेल्या बाईला कसं विचारणार?"