लक्ष्मणच्या पोटाचं अस्तर

हिंगणघाट, १६ जाने. १९५४
दवाखान्यात लक्ष्मण. कापसाच्या जिनात कामाला. लहानपणी चुकून कॉस्टिक सोडा प्यायला, अन्ननलिका कायमची मिटली. नागपूरला पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली. तेव्हापासून पेज-दूध नरसाळ्यानं थेट पोटात. संक्रांतीला मोहाची दारू ओतली म्हणे. "जिभेले चव नाई साहेब, पन डोक्याले पोचते." नळी काढून टॉर्च धरली. अस्तर लालभडक, सुजलेलं. रागावलो. हसला.

२१ जाने.
अस्तर पुन्हा गुलाबी! नवल. बहुधा दारू लागताच तिथं रक्त धावून येतं, दारूमुळे अस्तरात झिरपलेलं पोटातलं आम्ल धुऊन नेतं. म्हणून तगतं.

९ फेब्रु.
जिनात यंत्राच्या पट्ट्यात लक्ष्मणचा पाय सापडला. बैलबंडीत घालून घरी नेला, मग इकडे. रक्त फार गेलेलं, नाडी दोऱ्यासारखी. घाव शिवला, सलाईन लावलं. तेवढ्यात नळीतून काळपट रक्त. मोहाचा वास. टॉर्चनं पाहिलं. अस्तर राखेसारखं फिकं, त्यावर काळे डाग, डागांतून रक्त पाझरतंय.
त्याची बायको सोनाबाई भिंतीशी. "कळ सोसवत नोती त्याले. मीच ओतली. संक्रांतीलेबी येवढीच होती, तवा काई झालं नाई..."

१० फेब्रु.
तेवढीच दारू. फरक रक्ताचा. अंगातलं रक्त घटलं की शरीर ते हृदय-मेंदूसाठी राखतं, पोटाचं आटतं. आम्ल धुणारं कोणी उरत नाही. रक्त द्यायला नागपूर गाठावं, तर वाटेतच...
सोनाबाई : "खरं सांगा साहेब, माह्या हातानं झालं का हे?"
म्हटलं, "रक्त आधीच गेलं होतं, बाई."
खोटं नाही. पुरतं खरंही नाही. तिला कळलं. "म्हंजे अर्धं माहं."

१२ फेब्रु.
डागांच्या कडेला किंचित गुलाबी. मधला भाग तसाच काळा. ताप आहे.
सोनाबाई नरसाळ्याला हात लावत नाही. सकाळपासून दूध मीच ओततोय. दुपारी लक्ष्मणनं डोळे उघडले, तिच्याकडे वळला. "तूच ओत वं. डाक्टरसाहेब लय घाईनं ओतते."
 ती उठली, हात धुतले, नरसाळं घेतलं.  एक थेंब सांडला नाही.
दूध आत गेलं. आता टिकतं का, की पुन्हा रक्त...