माझा हात लख्ख आहे

सोमवार, १ तारीख

पोचले एकदाची प्रशिक्षण केंद्रावर! खोली झकास आहे. दोन खाटा, दोन टेबलं, खिडकीबाहेर हिरवंगार गवत, आणि न्हाणीघर चक्क स्वच्छ. मी आधी वास घेऊनच पाहिलं; माझी खोड काही जात नाही. निघताना ठमीनं भोकाड पसरलं होतं. शनिवारी आले की पहिलं तुला कडेवर घेते, असं लेकीला वचन देऊन आलेय. सासूबाईंचं आपलं चालूच होतं, की डॉक्टर झालीस, आता आणखी कसलं गं शिक्षण? मी म्हटलं, नव्या औषधाची पारख कशी करतात ते शिकायचंय. कुणीतरी सांगतं म्हणून डोळे झाकून किती दिवस लिहून देऊ?

खोलीतली सोबतीण डोळ्यांची डॉक्टर आहे, मी कातडीची. ती म्हणाली, आता एक हाडवाला मिळाला की माणूस पुरा होईल. जमणार आमचं.

मंगळवार, २ तारीख

प्रमुखबाई नाकानं कांदे सोलतात, पण शिकवतात सुरेख. इथली रीत अशी, की रुग्णाला प्रयोगात घेण्याआधी डॉक्टरनं स्वतः प्रयोगात बसायचं. प्रत्येकानं आपापली चिठ्ठी उचलली. कुणाला खरं मलम, कुणाला नुसतं साधं; कोणतं, ते आपल्यालाही कळत नाही. ते डाव्या कोपराखाली लावायचं. हात तपासायचा तो जोडीदारानं (माझी जोडीदार सोबतीणच), दिसेल ते थेट बाईंना लिहून द्यायचं, आणि एकमेकांना अवाक्षर सांगायचं नाही. स्वतःचा हात स्वतः तपासायचा नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं, पोरांना दटावतात तसं. मला हसूच आलं. कातडीतलं मला कोण शिकवणार?

बुधवार, ३ तारीख

शी! सोबतिणीचा हात बघितला. गळवं, खरूज, सडलेले पाय, सगळं बघितलंय मी, कधी नाकाला रुमाल लावला नाही. पण हे काहीतरी भलतंच. कातडी ओली, शिळ्या सायीसारखी सुरकुतलेली. बोट लावलं तर सरकली. खाली पिवळं काहीतरी, हळूहळू वरखाली होणारं. आणि ही बया दुसऱ्या हातानं बिस्किट खातेय! म्हणाली, मला साधंच मलम आलंय वाटतं, काही म्हणजे काही झालं नाही. मी न्हाणीघरात जाऊन ओकले.

माझा हात तिनं लांबूनच बघितला आणि खिडकी उघडली. उकडत असेल.

पुन्हा त्या हाताला शिवणं माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून मीच सुचवलं, की उगाच कशाला, आपापली नोंद आपणच लिहू. एका पायावर तयार झाली. सुंठीवाचून खोकला गेला! तिचा हात तिला दिसतोच की. डोळ्यांची डॉक्टर आहे ती.

गुरुवार, ४ तारीख

वास. उशीला, टॉवेलला, पाण्याच्या पेल्यालाही. वर्गात शेजारचा हाडांचा डॉक्टर नाकाला रुमाल लावून मागच्या बाकावर गेला. मी सोबतिणीच्या वतीनं त्याची माफी मागितली, तर माझ्याकडेच टकामका बघत राहिला. तिच्या बाहीतून काहीतरी ठिबकलं. माझ्या चपलेवर! चपलाच फेकून दिल्या.

संध्याकाळी तिनं हळूच विचारलं, पट्टी हवी का. मला? मला कशाला? माझा हात लख्ख आहे, केस न् केस जागेवर. नशीब माझं, साधं मलम मला आलं.

शुक्रवार, ५ तारीख

नोंदी दिल्या. दोघींच्याही सामान्य. बाईंचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, काही जणांचे हात बिघडलेत, ते स्पर्शानं पसरतंय; ज्यांच्या हातावर काही असेल त्यांनी इथंच राहायचं, बाकीच्यांनी खुशाल घरी जावं.

सोबतिणीचं सांगायला हवं होतं. पण जीभ उचलली नाही. लबाडी उघडी पडली असती, उद्या जाऊ दिलं नसतं, आणि ठमी वाट बघतेय. ती बया खुशाल बॅग भरतेय. मला किळस येते तिची.

शनिवार, ६ तारीख

घरी. ठमी धावत आली आणि मध्येच थबकली. नाक दाबलं. मी उचललं, तर लाथा झाडायला लागली. राग आला मला, खरंच राग आला. वचन दिलं होतं ना! घट्ट धरलं, डाव्या हातावर तिचा गाल टेकवून थोपटत राहिले, रडायची थांबेपर्यंत. सासूबाई तोंडावर हात दाबून दारातच उभ्या.

शनिवार, दुपारी

बाईंचा फोन. सोबतिणीच्या आईनं तिचा हात बघून किंकाळी फोडली. मग तिनं सगळं कबूल केलं. माझ्या हाताचंही. ज्याला होतं त्याला ते दिसत नाही, म्हणाल्या. वासही येत नाही. कुणालाही शिवू नका—

हात बघितला. लख्ख आहे. नवऱ्याला विचारलं, खरं सांग. रडतोय तो.

रविवार

हात गुंडाळलाय. दारातूनच बघते तिला. गालावर— टेकला होता तिथंच— साय. ओली. आणि वास. मला येतोय वास—

आरशात बघ म्हटलं. बघितलं. हसली. म्हणते, आई, गाल तर छान आहे. आणि बोटानं दाबून दाखवते— नको, ठमे, दाबू नको— बोट आत—