यजमान तापले त्या मंगळवारी

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? जाऊबाईंचा खोकला थांबला का? मागच्या फोनवर त्यांचा आवाज आला नाही, म्हणजे एक तर त्या बऱ्या झाल्या असतील नाहीतर तुमच्यावर रागावल्या असतील. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, म्हणजे बुधवारपासून आहोत. मंगळवारचं सांगायला हे पत्र. फोनवरच सांगितलं असतं, पण मी आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होता. पत्राच्या बाबतीत ती सोय नाही.

तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडणार नाही. आमचं दुकान मापांवर चालतं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची ऑपरेशननंतर दोन बोटं कमी, अशा लोकांचे बूट हे करतात, आणि सव्वीस वर्षांत अकराशेच्या वर माणसांची मापं यांनी स्वतःच्या हाताने घेतली. आता यांचा उजवा हात थरथरतो. टेप मी धरते, आकडा हे बघतात. एखाददुसरं नवीन माप तसं निभतं, पण अकराशे पुन्हा घ्यायची म्हटली तर दुकानाला कुलूपच. मापांचा तो प्रोग्रॅम जुन्या कॉम्प्युटरशिवाय कुठेच चालत नव्हता, आणि जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा दोन वर्षांपूर्वी तुम्ही येऊन तो आख्खाच्या आख्खा नव्या कॉम्प्युटरच्या पोटात नेऊन बसवलात. व्हर्च्युअल मशीन! ना पत्रा, ना वायर, नुसता पडद्यावरचा कॉम्प्युटर, आणि तो बिचारा स्वतःला खराच समजतो. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं ते फुकट, वर आतलं सगळं कुणालाही वाचायला उघडं. (फुकट म्हटल्यावर यांनी जी भुवई वर केली ती महिनाभर खाली आली नाही.)

शिकवताना तुम्ही म्हणालात, होस्ट म्हणजे यजमान आणि गेस्ट म्हणजे पाहुणे. मी वहीत तसंच उतरवून घेतलं. आपल्याकडे पाहुणे तीन: एक भेटीच्या वेळा लिहिणारा, एक चामडं कापायची चित्रं काढणारा, आणि तिसरे मापांचे आजोबा. तुम्ही गेल्यावर मला आजोबांची दया आली. एवढं वय, आणि मेमरी मात्र पाव जीबी! मी चांगली चार जीबी वाढली, तर आजोबा उठेचनात. त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या चर्चेच्या पानावर मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत रडगाणं गायलं, आणि दहा मिनिटांत कुण्या अनोळखी माणसाने उत्तर दिलं की एवढ्या जुन्यांना इतकं पचत नाही, पहिल्याइतकंच द्या. दिलं, आणि आजोबा टुणकन उठून बसले. त्या माणसाचं मी नावही विचारलं नाही. कुठे असेल तिथे सुखी असो.

आता चूक. वहीत लिहिलं होतं, स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाचा फोटो, काहीही बदलण्याआधी काढावा. मी काढत सुटले. आजोबांचे अकरा फोटो झाले (यांच्या-माझ्या लग्नात इतके निघाले नव्हते). मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर म्हणाला जागा संपली. बघते तर एक अगडबंब फाईल, दोन वर्षांत कुणी हात न लावलेली. मी म्हटलं, अकरा ताजे फोटो असताना ही शिळी कशाला, आणि टाकली उडवून. भाऊजी, त्या फोटोंत नंतर बदललेलं तेवढंच असतं आणि खरे आजोबा त्या शिळ्या फाईलमध्येच बसलेले असतात, हे मला कोण सांगणार? (तुम्ही सांगितलं होतं. पुढच्याच पानावर आहे.) आणि गंमत म्हणजे काहीच बिघडलं नाही! आजोबा चालू होते म्हणून उडवलेली फाईल त्यांनी धरून ठेवली होती, आणि मी तासभर स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

मग पंखा अडकला आणि कॉम्प्युटर तापायला लागला. मी तुम्हाला मेसेज केला: "यजमान फार तापलेत. दोन पाहुणे बंद केले तरी उतरत नाही. आता बटण दाबून बंद करते, परत चालू होतात का बघते." तो तुमच्याऐवजी घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर गेला. चुलतसासऱ्यांनी विचारलं की कोणते दोन पाहुणे बंद केले, कारण पुढच्या आठवड्यात ते आणि चुलतसासूबाई येणार होते. वन्सं तर तासाभरात थर्मामीटर आणि चार दिवसांचे कपडे घेऊन दारात. हे बिचारे बुटाचा तळ घासत बसलेले. त्यांनी तोंड उघडलं खुलासा करायला, आणि वन्संनी त्यातच थर्मामीटर घातला. साडेअठ्ठ्याण्णव निघाला, तरी त्यांचा विश्वास बसेना.

इकडे पंखा साफ करून मी बटण दाबलं. यजमान उठले, दोन पाहुणे उठले, आजोबा नाहीत. डिस्क सापडत नाही, एवढंच पडद्यावर. यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हाताकडे, आणि पुन्हा बुटाचा तळ घासायला घेतला. मी तुम्हाला फोन लावला आणि रडले, ते तुम्ही ऐकलंतच. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, "वहिनी, टेबलाखालचा काळा डबा चालू आहे का?" म्हणजे तोच डबा, ज्याला मी दोन वर्षं पाय ठेवायचं स्टूल समजत होते आणि जो दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत घरघरतो म्हणून मी तुम्हाला नावं ठेवत होते! त्या घरघरीत तो तिन्ही पाहुण्यांची नक्कल उतरवून घेतो, हे तुम्ही मला न सांगता करून गेलात. (सांगितलं असतंत तर मी तिथेही जागा रिकामी केली असती, हे तुम्ही बरोबर ओळखलंत.)

पाऊण तासात आजोबा परत आले, शनिवारपर्यंतचं सगळं आठवत असलेले. सोमवार-मंगळवारची तीन माणसं तेवढी गेली. तिघंही जवळच राहतात, बोलावल्यावर आली, आणि टेप मी धरली. त्या संध्याकाळी यांनी स्वतःहून चहा केला. मला आभार नीट मानता येत नाहीत भाऊजी, पण आज दुकान उघडं आहे ते तुमच्यामुळे, आणि हे मी रोज कुलूप काढताना मनात म्हणते.

जाऊबाईंना प्रेम.

तुमची,
वहिनी

ता. क. वन्सं अजून इथेच आहेत. रोज सकाळी यांचा ताप बघतात.

दुसरा ता. क. हे शेजारी बसून लिहायला सांगताहेत की त्या गोंधळात तुमचंही माप गेलं. फोनवर आकडा सांगून भागणार नाही, प्रत्यक्ष पाय ठेवावा लागेल. आणि सकाळचा पाय वेगळा, संध्याकाळचा वेगळा, म्हणून आठ दिवस तरी राहावं लागेल. जाऊबाईंचे पाय बरे आहेत, तरी त्यांनीही यावं.

तिसरा ता. क. हे चामडं बघायला गेलेत, म्हणून घाईत लिहिते. तुमचं माप गेलेलं नाही. ते पहिल्याच नंबरला आहे, मी स्वतः उघडून पाहिलं: डावा पाय पाऊण इंच आखूड. यांना ते तोंडपाठही आहे. पण "ये" हा शब्द यांच्या तोंडून उभ्या जन्मात निघाला नाही, आणि आता हातही ऐकत नाही. तेव्हा लवकर या, निमूट बूट काढा, आणि हे "पाऊण इंच" म्हणाले की पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करा.